पिंपातलं पाणी ओतून देणारा डॉक्टर

२० ऑगस्ट हा दिवस जगभर मच्छर दिन म्हणून पाळतात. डासांचा कसला आलाय दिन, असं कुणालाही वाटेल. पण १८९७ साली याच तारखेला सिकंदराबादच्या लष्करी दवाखान्यात एका डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचं बीज दिसलं, आणि हजारो वर्षं माणसाला छळणाऱ्या या तापाचा रस्ता कळला. त्या डॉक्टरचं नाव सर रोनाल्ड रॉस. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन-तीन ओळी असतात. त्यांच्या आयुष्यातला पाण्याचा भाग मात्र त्या ओळींत येत नाही, आणि मुरारपासून बिदर-बेळगावपर्यंत प्रत्येक घरी कामाला येणारा भाग तोच आहे.

छावण्यांचा काळ

मुरार ही ग्वाल्हेरची जुनी छावणी. १८५७च्या जूनमध्ये इथल्याच ग्वाल्हेर कंटिंजंटच्या शिपायांनी उठाव केला. पुढच्या वर्षी १६ जूनला सर ह्यू रोजने मुरार घेतलं आणि त्यानंतरच्या लढाईत राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. पुढे १८८६पर्यंत मुरार इंग्रजांकडे राहिलं. मग झाशीच्या बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळालं. लश्कर, मुरार आणि जुनं ग्वाल्हेर अशा तिन्ही वस्त्यांतल्या मराठी घरांना हा इतिहास तोंडपाठ आहे.

त्या काळात देशभरच्या छावण्यांत गोळीपेक्षा तापानेच जास्त माणसं जात. थंडी वाजून ताप भरायचा, घाम येऊन उतरायचा, एक दिवसाआड पुन्हा यायचा. औषध एकच, कोयनेल. ताप कशाने येतो याचं उत्तर होतं खराब हवा. दलदलीतून, कुजलेल्या पाल्यातून विषारी वाफ निघते आणि ती माणसाला बाधते, असं मोठमोठे डॉक्टर मानत. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन भाषेतल्या खराब हवेवरून आला. पाण्याशी या तापाचं नातं आहे हे लोकांनी बरोबर ओळखलं होतं. मधला दुवा तेवढा कुणाला सापडला नव्हता.

जनरलचा मुलगा

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७चा, अल्मोड्याचा. मेरठला उठाव होऊन तीनच दिवस झाले होते. वडील हिंदुस्थानी फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिकायला विलायतेला धाडलं. त्यांना चित्रं काढायची होती, कविता करायच्या होत्या, संगीत रचायचं होतं. वडिलांनी ठरवलं, मुलगा डॉक्टर होणार आणि हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत जाणार. १८७४ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात नाव घातलं गेलं. अभ्यासात मन नव्हतं, एका परीक्षेत आपटीही खाल्ली. मधे जहाजावर डॉक्टर म्हणून लंडन–न्यूयॉर्क फेऱ्या केल्या. शेवटी १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले आणि मद्रासला उतरले.

पहिली काही वर्षं बदल्यांचीच गेली. मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान. सरकारी काम थोडं आणि मोकळा वेळ भरपूर. त्या वेळात रॉस यांनी गणिताची पुस्तकं वाचून काढली, कविता केल्या, कादंबरी लिहिली. हा माणूस पुढे विज्ञानात नाव काढील असं तेव्हा कुणी म्हटलं नसतं.

बंगळूरचं पिंप

१८८३ साली रॉस बंगळूरला होते. राहायला बंगला चांगला होता, पण डासांनी जीव नकोसा केला होता. इतरांच्या खोल्यांपेक्षा आपल्याच खोलीत डास जास्त का, याचा त्यांनी शोध घेतला. खिडकीबाहेर पाण्याचं एक पिंप ठेवलेलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. रॉस यांनी पिंप उलटं केलं. थोड्याच दिवसांत खोलीतले डास कमी झाले.

साधी गोष्ट वाटते. पण अधिकाऱ्यांच्या मेसमधली भांडी, पिंपं अशीच रिकामी करू या असं त्यांनी सुचवलं, तेव्हा तिथल्या साहेबाने नकार दिला. देवाने डास केले ते काही कारणानेच केले असतील, त्यात आपण हात का घालावा, असा त्याचा सूर होता. तेव्हा डासाचा तापाशी काही संबंध आहे हे रॉस यांनाही ठाऊक नव्हतं. तरी पुढे आयुष्यभर त्यांनी जे सांगितलं ते सगळं या पिंपात आलं होतं. डास दूरच्या जंगलातून येत नाहीत. ते आपल्याच दारातल्या साठलेल्या पाण्यात जन्मतात, आणि ते पाणी हटवलं की डास हटतात. तसंच, हे सांगायला गेलं की पहिला अडथळा बहुतेक वेळा वरच्या खुर्चीतून येतो, हेही त्यांना तिथेच कळलं.

सिकंदराबादचा उन्हाळा

१८८० साली अल्जीरियात चार्ल्स लाव्हेरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सूक्ष्म जीव दिसले होते. ते एका माणसातून दुसऱ्यात कसे जातात, हा प्रश्न उरला होता. १८९४ साली रजेवर गेलेल्या रॉस यांना लंडनमध्ये डॉ. पॅट्रिक मॅन्सन भेटले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू दाखवले आणि डास यांचा वाहक असावा ही आपली अटकळ सांगितली. रॉस यांना काम सापडलं.

१८९५ साली ते सिकंदराबादला आले. तेव्हाचं निजामाचं राज्य म्हणजे आपल्या मराठवाड्याचंही राज्य. त्या राज्यातल्या या छावणीत त्यांनी डास पकडायचे, हिवतापाच्या रोग्यांना चावू द्यायचे आणि मग फाडून बघायचे, असा उद्योग आरंभला. हे काम किती किचकट होतं ते सांगून पटायचं नाही. उन्हाळा असा की घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. पंखा लावावा तर फाडलेला डास उडून जायचा, म्हणून पंखा बंद. मधेच कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळूरला बदली झाली. उटीजवळच्या सिगूर घाटात तपासणीला गेले तर स्वतःलाच हिवताप झाला.

दोन वर्षं हाती काही लागलं नाही, कारण डासच चुकीचे होते. घरात नेहमी सापडणाऱ्या करड्या आणि पट्ट्यापट्ट्यांच्या डासांत हा जंतू वाढतच नाही. १८९७च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास आले. हुसेन खान नावाच्या रोग्याने ते आपल्या अंगावर बसू दिले. एका डासाच्या चाव्याला एक आणा असा दर ठरला होता. २० ऑगस्टला अशा एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डासात त्याच पेशी दिसल्या, आणि जास्त वाढलेल्या. म्हणजे जंतू डासात वाढत होता.

आता थोडाच पल्ला उरला असताना सप्टेंबरात त्यांची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली, जिथे हिवताप नावालाच होता. महिने वाया गेले. १८९८च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला जायला मिळालं. तिथे त्यांनी चिमण्यांसारख्या पक्ष्यांच्या हिवतापावर काम केलं. महमद बक्ष नावाचा मदतनीस डास आणि पाखरं सांभाळायचा. जुलै १८९८मध्ये डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जंतू सापडले, आणि ते डास चावल्यावर निरोगी पाखरं आजारी पडली. रस्ता पूर्ण झाला. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचं चक्र अॅनाफिलीस डासात दाखवून दिलं. श्रेय कुणाचं यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जे भांडण जुंपलं ते जन्मभर मिटलं नाही. १९०२चं नोबेल एकट्या रॉस यांना मिळालं. हुसेन खान आणि महमद बक्ष यांची नावं मात्र आज फारच थोड्यांना ठाऊक आहेत.

डबकी मोजणारा माणूस

बक्षीस मिळालेला दुसरा कुणी प्रयोगशाळेत बसून राहिला असता. रॉस यांनी १८९९ साली नोकरी सोडली, लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत शिकवायला लागले आणि त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले. तिथे त्यांनी डबकी बघत रस्ते पालथे घातले. त्यात एक नेमकी गोष्ट लक्षात आली. हिवतापाच्या डासाच्या अळ्या सगळीकडे नव्हत्या. मोठ्या पाण्यात, जिथे लहान मासे होते, तिथे त्या फारशा नव्हत्या. दोन दिवसांत सुकणाऱ्या खळग्यांतही नव्हत्या. मासे राहू शकणार नाहीत एवढं लहान आणि लगेच सुकणार नाही एवढं खोल, असं मधलं पाणी त्यांना मानवत होतं.

याचं कारण अळीच्या जगण्यात आहे. डासाची मादी पाण्यावर किंवा पाण्याच्या काठाला अंडी घालते. अळी पाण्यात राहते, पण श्वास हवेतला घेते, म्हणून तिला सतत वर यावं लागतं. अॅनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. क्युलेक्स आणि एडिसची अळी शेपटाकडची नळी वर करून उलटी लोंबकळते. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अळीचा कोष होतो आणि कोषातून डास उडतो. एवढा वेळ पृष्ठभागाशी अडकून पडलेला हा मऊ किडा म्हणजे पाण्यातल्या बाकीच्यांना आयतं जेवण. लहान मासे त्याला टिपतात. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात, तीही त्याच्यावर ताव मारतात. उताणे पोहणारे पाणकिडे, पाणभुंगे, पाण्यातले बारीक कवचधारी जीव असे कितीतरी वैरी आहेत. जिवंत तळ्यात त्यामुळे डास कमी निपजतात. कूलरच्या टबात, टायरात, गच्चीवरच्या उघड्या टाकीत यातलं कुणीच नसतं, म्हणून तिथे अळ्यांचं फावतं.

फौज हवी, तीही नेमाने

रॉस यांचं म्हणणं होतं की प्रत्येक गावाने डासांविरुद्ध माणसांची तुकडी उभारावी. तिने आठवड्याला प्रत्येक घरी जावं, भांडी रिती करावीत, खड्डे बुजवावेत, गटारं वाहती करावीत, जे पाणी हटत नाही त्यावर तेल सोडावं. १९०२ साली सुएझ कालव्यावरच्या इस्माइलिया गावात कालवा कंपनीने त्यांना बोलावलं. वर्षाला दोन हजारांवर हिवतापाचे रोगी असलेल्या त्या गावात तीन-चार वर्षांत आकडा काही डझनांवर आला.

हिंदुस्थानात मात्र उलटं घडलं. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२च्या सुमारास असाच प्रयोग सुरू झाला. कालव्यांचं पाणी चहूकडे, काम थोड्या जागेत, पैसा तुटपुंजा. काही वर्षांनी तज्ज्ञांनी ठरवलं की याने ताप हटत नाही, कोयनेल वाटलेलं बरं. रॉस यांनी कडाडून विरोध केला. एवढ्याशा जागेत, एवढ्याशा पैशात केलेल्या कामावरून निकाल काढणं चूक आहे, आजूबाजूच्या पाण्यातून डास येतच राहणार, असं ते सांगत राहिले. १९०९ साली सिमल्याच्या परिषदेतही हा वाद गाजला. सरकारने मोठी मोहीम हाती घेतली नाही. त्याची किंमत गावोगावच्या लोकांनी मोजली.

याच वादातून रॉस पुन्हा आपल्या आवडत्या गणिताकडे वळले. १९१०च्या आपल्या ग्रंथात आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी हिशोब मांडला की हिवताप संपवायला शेवटचा डास मारायची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की एका रोग्यापासून पुढे सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण होते, आणि ताप आपोआप ओसरतो. आज साथीच्या रोगांचे जे अंदाज बांधतात त्यांच्या मुळाशी हा हिशोब आहे. घराघरांतल्या कामालाही यातून बळ मिळतं. सगळं गाव निर्डास होणार नाही, म्हणून आपलं पिंप तसंच ठेवायचं, हा युक्तिवाद त्या गणितापुढे टिकत नाही.

अचलपूरचा डास, त्रिनिदादचा मासा

या कथेत वऱ्हाडचंही एक पान आहे. शहरातला हिवताप पसरवणारा डास अॅनाफिलीस स्टीफन्साय. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९०१ साली डब्ल्यू. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने केलं ते एलिचपूरच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या आजच्या अचलपूरच्या डासांवरून. नाव दिलं स्टीफन्स या संशोधकाचं. हेच स्टीफन्स पुढे लिव्हरपूलला रॉस यांच्या जागी प्राध्यापक झाले. हा डास विहिरीत, हौदात, गच्चीवरच्या टाकीत, म्हणजे स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. मुंबईत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विहिरींवर झाकणं घालण्याची जी मोहीम झाली ती याच्याचमुळे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो आफ्रिकेतल्या शहरांतही पोहोचला आहे.

विहिरीतलं आणि हौदातलं पाणी ओतून देता येत नाही. तिथे मासे कामाला आले. त्रिनिदाद-बार्बाडोसकडचा गप्पी मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आला. त्याचं नाव गप्पांवरून पडलेलं नाही, त्रिनिदादच्या गप्पी आडनावाच्या गृहस्थांवरून पडलं. मूळचा अमेरिकेतला गंबुशिया मासा १९२८ साली इटलीमार्गे इथे आला. दोन्ही बोटभरही नाहीत, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, पिल्लं जिवंत देतात, म्हणून भराभर वाढतात. भुकेला मासा दिवसाला शंभराच्या आसपास अळ्या खातो.

मग १९४०च्या दशकात डीडीटी आलं आणि मासे, पिंपं, फौजा सगळं मागे पडलं. १९५३ साली देशभर फवारणी सुरू झाली. वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले रोगी १९६५पर्यंत लाखावर आले. हिवताप गेला असं वाटलं. पण डासांना डीडीटी पचायला लागलं, मोहीम ढिली पडली, आणि १९७६ साली रोग्यांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. तेव्हा पुन्हा पाण्याकडे लक्ष गेलं. १९८३ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात खड्डे बुजवणं आणि मासे सोडणं यावर भर देणारा प्रकल्प सुरू झाला. १९७६ सालीच इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डबक्यात एक जिवाणू सापडला होता. तो अळीच्या पोटात गेला की आतडं फुटून अळी मरते, माणसाला आणि माशाला काही होत नाही. आरोग्य खात्याच्या फवारणीत आता त्याचाही उपयोग होतो.

मासा कुठे आणि कोरडा दिवस कुठे

मासे म्हणजे सगळ्यावर उपाय असं मात्र समजू नये. गप्पी आणि गंबुशिया दोन्ही परदेशी. नदीत किंवा जिवंत तळ्यात सोडले तर ते इथल्या माशांची पिल्लं आणि बेडकांची अंडीही फस्त करतात, म्हणजे डासाचे मूळचे वैरीच कमी होतात. त्यांची जागा बंदिस्त हौद, पडीक विहीर, बांधकामावरची टाकी, कारंजं. मुरार नदीसारख्या वाहत्या पाण्यात ते सोडायचे नाहीत. तिथे घाण पाणी नदीत येऊ न देणं हाच इलाज.

डेंगीचा एडिस डास तर आणखी वेगळा. तो कूलर, कुंडीखालची थाळी, फ्रिजमागचा ट्रे अशा भांड्यांत वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि सुकी राहूनही महिनोन् महिने जगतात. ग्वाल्हेरसारख्या भट्टीत कूलरशिवाय भागत नाही, पण कूलरचं पाणी नुसतं ओतून चालत नाही. आठवड्यातून एकदा तो रिकामा करून कडा घासायच्या आणि सुकू द्यायच्या. महाराष्ट्रात यालाच कोरडा दिवस म्हणतात.

शेवट

रॉस यांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले नाहीत. थोरला मुलगा १९१४ साली महायुद्धात पडला. आपल्या शोधाने लाखो जीव वाचतील, पण सरकारं तो वापरत नाहीत, ही खंत होती. पैशाची तंगी आणि श्रेयाची भांडणं होतीच. १९२६ साली लंडनला त्यांच्या नावाची संस्था निघाली. १९२७च्या जानेवारीत कलकत्त्याच्या रुग्णालयात त्यांच्या स्मारकाचं उद्घाटन झालं, त्याला ते स्वतः हजर होते. त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. १९३१ साली पत्नी गेल्या आणि १६ सप्टेंबर १९३२ला रॉसही गेले.

भारतात जन्मलेले ते पहिले नोबेल मानकरी. शोध त्यांनी सूक्ष्मदर्शकातून लावला, आणि त्याचा उपाय त्याच्या चौदा वर्षं आधी बंगळूरच्या खिडकीबाहेर स्वतःच्या हातांनी केला होता. त्याला लागतो आठवड्यातला अर्धा तास आणि कडा घासायला एक जुना ब्रश.